पांढरं दिसलं, पुढे काय?



हे संपादकीय लिहायला बसले तेव्हा समोर एक जुनी वही उघडून ठेवली होती. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. आमच्या गटाने काही वर्षांपूर्वी तालुक्यातल्या तीन गावांत गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीची शिबिरं घेतली, त्यांची ही नोंदवही. नाव, वय, मुलं किती, पाळी येते की गेली, तपासणीत काय दिसलं. काही नावांभोवती लाल पेनने गोल केलेला आहे. लाल गोल म्हणजे काही तरी सापडलंय, पुढे पाठवायचं. त्याच्या शेजारी ‘पुढे काय झालं’ असा एक रकाना आम्ही मोठ्या हौसेने आखला होता. तो जवळजवळ सगळा कोरा आहे.

शिबिरं छान झाली होती. शाळेच्या दोन खोल्या, पडदे लावलेले, बाहेर मंडप, चहा-पोहे, सरपंचबाईंचं भाषण. बायका येतील की नाही याची आम्हांला धास्ती होती. पण दहा वाजल्यापासून रांग लागली. वर्तमानपत्रात फोटो आला. वार्षिक अहवालात तपासलेल्या बायकांचा आकडा आम्ही ठळक अक्षरांत छापला. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू!

त्या लाल गोलांपैकी एक नाव आक्कांचं. वय ४८, पाळी गेलेली. त्या स्वतः तर आल्याच, पण आपल्या आळीतल्या सहा-सात जणींना घेऊन आल्या. तीन वर्षांनी त्यांच्या सुनेचा फोन आला. अंगावरून रक्त जात होतं म्हणून आक्कांना सिव्हिलला नेलं होतं, तिथून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा त्या दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत उतरल्या होत्या, शेक घेणं चालू होतं. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. न राहवून मी विचारलं, “आक्का, तेव्हा तालुक्याला जाऊन दाखवा म्हणून सांगितलं होतं ना?”

“अगं ताई, त्या नर्सबाई म्हणाल्या, पांढरं दिसतंय. मी म्हटलं, पांढरं तर सगळ्याच बायांचं जातं. तेवढ्यासाठी रोज बुडवून कशाला जायचं तालुक्याला?”

पुढच्या आषाढात आक्का गेल्या.

आम्ही ज्या पद्धतीने तपासणी केली तिच्यात गर्भाशयाच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावतात आणि बिघडलेला भाग पांढरा दिसतो. नर्सबाई म्हणाल्या ते तपासणीच्या भाषेत अगदी बरोबर होतं. आक्कांनी ऐकलं ते त्यांच्या भाषेत. बायकांच्या तोंडी ‘पांढरं’ या शब्दाला पिढ्यान्‌पिढ्या एकच अर्थ आहे, आणि तो म्हणजे सोसायची गोष्ट. आम्ही बायकांच्या चळवळीतल्या, बायकांची भाषा आपल्याला कळते असं म्हणवणाऱ्या. आमच्यापैकी एकीच्याही हे लक्षात आलं नाही.

गेली दोन-तीन वर्षं अनेक गटांकडून पत्रं येतात की आम्हांला या तपासणीचं काम सुरू करायचंय, कोणती पद्धत घ्यावी? व्हिनेगरची, पॅपची की नवी एचपीव्हीची? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर मला जमेल तितकं द्यायचं आहे. पण त्या कोऱ्या रकान्याबद्दल बोलल्याशिवाय ते देता येणार नाही.

आधी आजाराबद्दल. गर्भाशयाचं तोंड म्हणजे पिशवीचा योनीत उतरलेला खालचा भाग. तिथे होणारा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या काही जातींमुळे होतो. हे शोधून काढणाऱ्या हॅराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन संशोधकाला २००८ मध्ये नोबेल मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून येतो, आणि इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होऊन जातो. बहुतेकींच्या अंगातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. थोड्या जणींच्या बाबतीत मात्र तो ठाण मांडून बसतो, तिथल्या पेशी हळूहळू बिघडतात आणि दहा-पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो. ही मधली वर्षं आपल्या हातात असतात. त्या काळात काही दुखत नाही, खुपत नाही. पण बघितलं तर दिसतं, आणि दिसलं तर पाच-दहा मिनिटांच्या उपचाराने बहुतेक वेळा तिथल्या तिथे थांबवता येतं. कॅन्सरमध्ये अशी सवलत क्वचितच मिळते. तरीही २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ८० हजार जणी त्याने गेल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा अंदाज आहे.

या कोण बायका आहेत हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. ज्यांनी कधी खालून तपासून घेतलेलं नाही अशा. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, तेव्हा आपल्यापैकी अनेकींना त्याने हलवून सोडलं होतं. ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना कसला ना कसला स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्यानंतर तीस वर्षांनी, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीच्या स्त्रियांना विचारलं, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी कधी तपासणी झाली आहे का? हो म्हणणाऱ्या भरल्या १.९ टक्के. शंभरात दोन नाहीत.

आता पद्धती. सगळ्यांत जुनी पॅप. लाकडी चपट्या काडीने तोंडावरच्या पेशी खरवडून काचपट्टीवर पसरायच्या, त्या वाळून खराब होऊ नयेत म्हणून औषध लावायचं, पट्टी प्रयोगशाळेत पाठवायची, तिथे शिकलेल्या माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पट्टी बघायची. काही आठवड्यांनी रिपोर्ट. त्यात बिघाड निघाला तर बाईला परत बोलवायचं, दुर्बिणीने बघायचं, तुकडा काढायचा, परत रिपोर्ट, मग उपचार. चार हेलपाटे. ज्या बाईची एका दिवसाची मजुरी बुडली तर संध्याकाळी चूल पेटायची पंचाईत, तिला हे चार हेलपाटे कोण घालायला लावणार?

आणि श्रीमंत देशांत तरी पॅपने आपोआप चमत्कार झाला का? ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकापासून डॉक्टर पॅप करतच होते. सांगेल तिची, येईल तिची. मृत्यू म्हणावे तसे घटले नाहीत. १९८८ मध्ये सरकारने प्रत्येक बाईचं नाव यादीत घातलं, तिला पत्राने बोलवायला सुरुवात केली, न आलेल्यांना परत पत्र, बिघाड निघालेल्यांचा पाठपुरावा. त्यानंतर फरक पडला. काडी तीच होती. वही बदलली होती.

दुसरी पद्धत व्हिनेगरची, दवाखान्यात तिला व्हीआयए म्हणतात. स्पेक्युलम घालून, चांगल्या उजेडात, तीन ते पाच टक्क्यांचं अॅसिटिक आम्ल कापसाच्या बोळ्याने लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि डोळ्यांनी बघायचं. खर्च जवळजवळ नाही. नर्स करू शकते. निकाल बाई टेबलावरून उतरायच्या आत कळतो, आणि गॅसने गोठवायचं किंवा उष्णतेने जाळायचं साधन हाताशी असेल तर बऱ्याच जणींवर त्याच वेळी उपचारही करता येतो. या पद्धतीचं आम्हांला प्रचंड कौतुक वाटलं, कारण ती आपल्या हातातली होती, गरिबाघरची होती.

पण तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सगळी मदार बघणारीच्या डोळ्यांवर. जंतुसंसर्ग असला, सूज असली तरीही भाग पांढरा दिसतो, त्यामुळे उगीच घाबरणाऱ्या बायका पुष्कळ निघतात. खरा बिघाड नजरेतून सुटतो तो वेगळाच. आज प्रशिक्षण घेतलेल्या बाईची नजर सहा महिन्यांनी तितकीच तयार राहत नाही, तिच्याबरोबर कोणी तरी मधून मधून बघावं लागतं. शिवाय पाळी गेल्यावर बघायचा भाग आत सरकतो, म्हणून पन्नाशीनंतर ही तपासणी भरवशाची नाही. शिबिरात साठीच्या आज्यांना ‘सगळं ठीक आहे’ सांगून घरी पाठवणाऱ्या उत्साही कार्यकर्त्यांत मीही होते, हे इथे कबूल करते.

तिसरी एचपीव्हीची. यात बिघाड बघत नाहीत, विषाणूच शोधतात. ब्रशने योनीतला नमुना घेऊन यंत्रात घालायचा. याचं आपल्या दृष्टीने मोठं वैशिष्ट्य म्हणजे नमुना बाई स्वतः घेऊ शकते. आडोशाला जाऊन, उभ्याने नाहीतर उकिडवं बसून, मऊ ब्रश आत घालून चार वेळा फिरवायचा आणि नळीत ठेवायचा. टेबल नाही, स्पेक्युलम नाही, परक्या माणसासमोर पाय फाकणं नाही. लाजेपोटी शिबिराकडे पाठ फिरवणाऱ्या बायका यासाठी हो म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून हीच तपासणी पहिली म्हणून सुचवली आहे: तिशीपासून दर पाच ते दहा वर्षांनी, आणि एचआयव्ही असलेल्या स्त्रियांसाठी पंचविशीपासून दर तीन ते पाच वर्षांनी. खर्च आणि यंत्र हे अडथळे आहेत. पण क्षयाच्या तपासणीसाठी तालुक्यापर्यंत जी छोटी यंत्रं आली आहेत, त्यांच्यावर ही तपासणी करता येते. म्हणजे यंत्र नाही हे कारण पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही.

आता यातली कोणती चांगली, याचं उत्तर जगाला कुठून मिळालं माहीत आहे? आपल्याच मराठवाड्यातून. बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. तिथे १९८७ पासून गावांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते, ग्रामीण भागातली देशातली ही पहिली नोंदणी. त्या लोकांनी आणि टाटा स्मारक रुग्णालयाने आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक फार मोठा अभ्यास केला. गावांचे ५२ गट, तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया. गटांचे चार भाग पाडले. एका भागात एचपीव्ही, एकात पॅप, एकात व्हिनेगर. चौथ्यात तपासणी नाही, फक्त माहिती आणि नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी एकदाच. मग आठ वर्षं कोणाला काय झालं याची नोंद.

निकाल २००९ मध्ये आला. तपासणी नसलेल्या भागात या कॅन्सरने ६४ मृत्यू, एचपीव्हीच्या भागात ३४. प्रत्येक भागातल्या स्त्रियांची संख्या साधारण सारखीच. पॅपच्या भागात ५४ आणि व्हिनेगरच्या भागात ५६, म्हणजे फरक इतका थोडा की तो तपासणीमुळेच पडला असं म्हणता येईना. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, तेही खेड्यापाड्यांत! साऱ्या जगातल्या आरोग्य धोरणांत या आकड्यांचा दाखला दिला जातो.

पण लगेच व्हिनेगर फेकून देऊ नका. तामिळनाडूत दिंडिगल जिल्ह्यात नर्सेसनी केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. वस्त्यांमधल्याच दहावी झालेल्या बायकांना काही आठवडे शिकवून त्यांच्याकरवी दर दोन वर्षांनी तपासणी केली. बारा वर्षांनी मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. दहावी शिकलेली वस्तीतली बाई हे करू शकते, हे त्यातून सिद्ध झालं. मला या अभ्यासातली ही गोष्ट आकड्यांपेक्षा जास्त मोलाची वाटते. आणि त्या बायकांनी आपल्या गल्ल्यांत वर्षानुवर्षं घरोघर फिरून काम केलं, मंडप घालून एक दिवसाचं शिबीर केलं नाही, हेही विसरायचं नाही.

इथे थांबून एक कडू गोष्ट बोलली पाहिजे, कारण आपल्या मासिकाने ती टाळली तर कोण बोलणार? या तिन्ही अभ्यासांत ज्यांची तपासणीच झाली नाही अशा मिळून सुमारे १ लाख ३८ हजार स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी किमान २५४ जणी या कॅन्सरने गेल्या. तपासणीने जीव वाचतात हे जगाला आधीच माहीत असताना त्यांना तपासणीविना का ठेवलं, या अभ्यासात आपण कोणत्या भागात आहोत आणि आपल्याला काय मिळणार नाही हे त्यांना नीट सांगितलं होतं का, असे प्रश्न २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये जाहीरपणे विचारले गेले. संशोधकांचं म्हणणं, भारतात अशा बायकांना एरवीही कसलीच तपासणी मिळत नव्हती, म्हणजे त्यांचं आम्ही काही हिरावून घेतलं नाही. या युक्तिवादाने माझं समाधान होत नाही. गरिबाला काही मिळत नाही ही वस्तुस्थिती आहे, तिचं मोजमाप म्हणून वापर करणं वेगळं. त्याहून वाईट आठवण दिल्लीची. १९७० आणि ८० च्या दशकांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासात पेशी बिघडल्याचं दिसलेल्या अकराशेहून अधिक बायकांना लेखी संमती न घेता, उपचार न करता नुसतं पाहत ठेवलं गेलं. त्यांपैकी निदान ७१ जणींचा बिघाड कॅन्सरच्या टप्प्यावर पोचला. १९९७ मध्ये हे उघड झालं तेव्हा गदारोळ झाला होता.

हे मी तपासणीच्या विरोधात सांगत नाही. बार्शी-उस्मानाबादच्या डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी केलेल्या कष्टांबद्दल मला आदर आहे. माझं म्हणणं एवढंच, की ज्या मातीतल्या बायकांनी हे ज्ञान जगाला दिलं, काहींनी जीव देऊन दिलं, त्या मातीत तपासणीचा हक्क सगळ्यांत आधी पोचायला हवा होता.

पोचलं काय? शेजारच्या बीड जिल्ह्यात काय पोचलं ते आपण २०१९ मध्ये वाचलं. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्यांनंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांच्याशी बोलायला गेलेल्या कोणाही कार्यकर्तीला विचारा. पांढरं जातंय म्हणून दाखवायला गेली, ‘पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं, मुकादमाकडून उचल घेतली आणि पिशवी काढून टाकली, ही कहाणी पुन्हा पुन्हा कानी येते. ना पॅप, ना व्हिनेगर, ना तुकडा काढून तपासणी. कॅन्सरची भीती तेवढी खरी, बाकी सगळा धंदा. विशीत, तिशीत.

म्हणजे बघा, एकच ‘पांढरं’. एका बाईने त्याकडे दुर्लक्ष केलं म्हणून ती गेली, आणि दुसरीला त्याचीच भीती घालून तिची पिशवी काढली. दोघींनाही कोणी नीट सांगितलं नाही की अंगावरून पांढरं जाणं वेगळं, त्याला बहुधा साधी औषधं पुरतात. तपासणीत तोंडावर पांढरा डाग दिसणं वेगळं, त्याला तेवढ्याच भागाचा उपचार पुरतो. आणि शरीरसंबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसणं तिसरं, त्यासाठी शिबिराची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा. तिन्हींपैकी एकाही गोष्टीसाठी उठसूट पिशवी काढायची नसते. बरं, पिशवी काढताना काही वेळा तोंड आतच ठेवतात, म्हणजे त्या बाईला तपासणीची गरज उरतेच. हे तिला कागदावर कोणी लिहून देत नाही.

सरकारी कागदावर सगळं आहे. २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक आराखड्यात तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी व्हिनेगरची तपासणी सांगितली आहे. २०२५ च्या सप्टेंबरात ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियानात देशभर शिबिरं झाली, त्यात या तपासणीचा समावेश होता. शिबिरांतून किती जणी तपासल्या याचे आकडे लवकर बाहेर येतात. किती जणींमध्ये बिघाड निघाला, त्यांतल्या किती जणी उपचारापर्यंत पोचल्या, किती वाटेत गळाल्या, हे आकडे मात्र मागावे लागतात. मागायला शिका. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

आमच्या गटाने काय ठरवलं ते सांगते. ते आदर्श वगैरे नाही, पोळल्यावर आलेलं शहाणपण आहे. उपचाराची जागा, वार आणि माणूस नक्की झाल्याशिवाय आता आम्ही तपासणी घेत नाही. एकदा असं झालं की प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासायला नर्सताई तयार, पण उष्णतेने उपचार करायचं यंत्र जिल्ह्याला कपाटात बंद. बॅटरीवर चालणारं, हातात मावणारं यंत्र, एका वेळेला मिनिटभरसुद्धा लागत नाही. ते तालुक्याला आणायला आम्हांला आठ महिने आणि दोन मोर्चे लागले. मग तपासणी सुरू केली. आमच्यावर टीकाही झाली की इतक्या महिन्यांत किती बायका तपासून झाल्या असत्या! टीका करणाऱ्यांना मी निळी वही दाखवते.

तपासणाऱ्या ताईंबरोबर बसून आम्ही शब्द ठरवले. ‘पांढरं’ हा शब्द खोलीत उच्चारायचा नाही. ‘तोंडावर एक डाग आहे, आज तो कॅन्सर नाही, पण ठेवला तर पुढे होऊ शकतो, अमक्या दिवशी आपण दोघी मिळून जाऊन तो काढू,’ असं सांगायचं, आणि बाईकडून तिच्या शब्दांत परत म्हणवून घ्यायचं. ‘दोघी मिळून’ हे महत्त्वाचं आहे. आशाताईंच्या मानधनात हे काम बसत नाही, आणि त्यांच्यावर आणखी एक ओझं फुकट टाकायला आमचा विरोध आहे. सोबत जाणारीच्या प्रवासाचे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे योजनेतच धरले पाहिजेत, ही मागणी आम्ही लावून धरली आहे.

एचपीव्हीबद्दल मात्र मला एक काळजी वाटते आणि तिच्यावर आपल्या गटांनी बोलायलाच हवं. तपासणीत विषाणू निघाला की घरात पहिला प्रश्न येणार, ‘कुठून आणलास?’ शरीरसंबंधातून येणारा म्हटलं की बाईच्या चारित्र्यावर घसरायला वेळ लागत नाही. हा विषाणू वर्षानुवर्षं अंगात दडून राहू शकतो, तो कधी कोणाकडून आला हे सांगता येत नाही, आणि तो असणं म्हणजे कॅन्सर असणं नव्हे, हे पुरुषांच्या सभेत सांगायला हवं. बाईच्या हातात चिठ्ठी देऊन चालणार नाही. निकाल फोनवर सांगायचा असेल तर फोन कोणाच्या खिशात असतो हे आधी विचारायचं. आमच्या जवळच्या एका गावात नवऱ्याच्या फोनवर निकाल गेला आणि ती बाई दोन महिने माहेरी बसून होती. मग पंचायत, समजावणं. त्या दोन महिन्यांची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

मुलींसाठी लस आहे, ती पुण्यात बनते, चांगली आहे. पण खम्मम आणि बडोद्याच्या आदिवासी मुलींवर २००९-१० मध्ये झालेल्या लसप्रकल्पात संमतीची जी वासलात लागली, त्यावर २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले होते. तो धडा लक्षात ठेवून लसीचा पुरस्कार करावा असं मला वाटतं. आणि आज तिशी-चाळिशीत असलेल्यांना लसीचा विशेष उपयोग नाही. त्यांच्यासाठी तपासणीच.

तेव्हा कोणती पद्धत घ्यावी, या पत्रांतल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: सरकारकडे एचपीव्हीच मागा, जोरात मागा, मराठवाड्याच्या नावाने मागा. ती मिळेपर्यंत प्रशिक्षित हात आणि उपचाराचं यंत्र असेल तिथे, पन्नाशीच्या आतल्या बायकांसाठी व्हिनेगर. तुमच्या शहरात पॅपची चांगली प्रयोगशाळा असेल, रिपोर्ट वेळेवर मिळत असेल तर पॅपही चालेल. आणि यांतलं काहीही घ्या, आपल्या गटातली एक जण फक्त वहीची असू द्या. तिने बाकी काही करायचं नाही. लाल गोल आणि त्याच्या शेजारचा रकाना.

आक्कांची सून आता आमच्या गटात येते. आक्कांच्या तेराव्याला तिने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, “ताई, माझी कधी करायची?” तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. नव्या वहीत पहिलं नाव तिचं आहे. गोल नाही. पाच वर्षांनी परत, असं तिनेच आपल्या हाताने लिहिलंय.

तुमच्या तालुक्यात उपचाराचं यंत्र कुठे आहे, ते चालू आहे की कपाटात, आणि बिघाड निघालेल्या बायकांना कोण घेऊन जातं, हे शोधून आम्हांला लिहा. गावाचं नाव द्या, बायकांची देऊ नका. पुढच्या अंकाची चार पानं त्यासाठी मोकळी ठेवली आहेत.